रोजच्या जगण्यातली साक्ष : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तीस वर्षं मी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात नर्स होते. निवृत्त झाल्यापासून आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीतलं, म्हणजे आमच्या चर्चमधलं, महिला मंडळ आणि तरुण संघ, दोन्हींचं काम बघते. उपासना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर, फोनवर, कधी रात्री अकराला मेसेजवर जे प्रश्न सारखे येतात, ते इथं एकत्र केले आहेत. सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मी जशी जगते, जसा जगतो, त्याचा आसपासच्या माणसांवर काय परिणाम होतो? सारखे प्रश्न मिळून एक केला आहे आणि कोणाचं घर ओळखू येईल असा तपशील काढून टाकला आहे. उत्तरं माझ्या समजुतीप्रमाणे आहेत. शास्त्रातले (बायबलमधले) संदर्भ दिले आहेत, ते स्वतः उघडून वाचा.

१. "तुमचं जगणं हीच साक्ष" असं पाळक सारखं म्हणतात. साक्ष म्हणजे नक्की काय?

साक्षीदार जे पाहिलं तेवढंच सांगतो, वकिली करत नाही. मंडळीत मात्र साक्ष म्हणजे माईकसमोर उभं राहून दोन मिनिटं बोलणं, असा अर्थ रूढ झाला आहे. आपला शेजारी, दूधवाला, वॉचमन त्या माईकसमोर कधीच बसलेले नसतात. त्यांना आपण जिन्यात भेटतो.

डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशूने शिष्यांना मीठ म्हटलं आणि दिवा म्हटलं (मत्तय ५:१३–१६). मीठ म्हटलं की आपल्याला चव आठवते. मला कोळीवाड्यातली खारवलेली मासळी आठवते. तिथं मीठ चवीसाठी घालत नाहीत, मासळी कुजू नये म्हणून चोळतात. जिथं चार माणसं मिळून एखाद्याची निंदा करत बसलेली असतात, तिथं एकाने विषय पुढं न नेणं, एवढ्याने सुद्धा कुजणं थांबतं. कोणाच्या लक्षातही येत नाही, पण थांबतं.

२. म्हणजे शेवटी हे सगळं धर्मांतर करवण्यासाठीच ना?

हा प्रश्न ख्रिस्ती नसलेले मित्रही विचारतात, म्हणून सरळ उत्तर देते. नाही.

आधी कायद्याचं. संविधानाच्या २५व्या कलमाने प्रत्येकाला सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य आणि आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा, त्याचा प्रसार करण्याचा हक्क दिला आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या मर्यादेत. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ स्पष्ट केला: आपल्या धर्माची शिकवण दुसऱ्याला सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा नाही. श्रद्धा म्हणूनही मला हेच पटतं. मन वळवणं हे देवाचं काम आहे आणि आमिषाने वळलेलं मन त्याला नको असतं.

आता एक जुनी गोष्ट. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू केलं. तिथं पहिली विधवा विद्यार्थिनी आली ती गोदूबाई. ती हिंदूच राहिली. पुढं १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला, ती आनंदीबाई झाली. कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी संस्था काढली आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. एका ख्रिस्ती बाईने एका मुलीला शिकवलं आणि त्या मुलीच्या घरातून महाराष्ट्रातल्या हजारो बायकांसाठी शाळा उभ्या राहिल्या. १८९३ मध्येच धर्मांतराच्या संशयावरून शारदा सदनावर वादळ उठलं, पालकांनी मुली काढून नेल्या, हेही त्याच इतिहासात आहे आणि ते आपण विसरू नये. त्या पालकांची भीती खोटी मानून पुढं गेलं तर आपण काही शिकणार नाही.

माझ्यापुरता मी एक नियम पाळला. पेशंट पाण्याच्या घोटासाठी, बेडपॅनसाठी माझ्यावर अवलंबून असतो. अशा वेळी त्याने न विचारता त्याला माझ्या श्रद्धेबद्दल सांगणं म्हणजे त्याच्या लाचारीचा फायदा घेणं. त्याने स्वतः विचारलं, तर ड्युटी संपल्यावर स्टूल ओढून बसायचं. विचारणाऱ्याला सौम्यतेने आणि आदराने उत्तर द्या, असंच येशूचा शिष्य पेत्र लिहितो (१ पेत्र ३:१५). आपण वाचताना "उत्तर द्या" लक्षात ठेवतो आणि "विचारणाऱ्याला" विसरतो.

३. मी साधा माणूस आहे. उपदेश करता येत नाही, फार शिक्षणही नाही. माझ्याकडे कोण बघणार?

बघतात. मला हे फार वाईट पद्धतीने कळलं.

एका रात्रपाळीला वॉर्डात पेशंट खच्चून भरलेले, आम्ही दोघीच. पहाटे चारचं टेंपरेचर मी काही पेशंटचं न घेताच चार्टवर भरलं. कोणी बघत नाही असं वाटलं होतं. एक शिकाऊ मुलगी बघत होती. दोन रात्रींनी मी राउंडला गेले, तर तिनेही तसंच भरलेलं. मी रागावले तेव्हा ती अगदी साधेपणाने म्हणाली, "सिस्टर, तुम्ही पण भरता ना." ती मला मानायची. ड्युटीवर येताना मी प्रार्थना करते हे तिला माहीत होतं. त्या रात्री आम्ही दोघींनी मिळून सगळ्यांचं टेंपरेचर पुन्हा घेतलं आणि सकाळी राउंडच्या वेळी डॉक्टरांना काय झालं ते मी सांगितलं. बोलणी खाल्ली. पण त्याआधी दोन रात्री माझ्याकडून ती काय शिकली होती, ते मला कधीच पुसता आलं नाही.

प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला म्हणतो, तुम्ही सर्व माणसांनी वाचलेलं पत्र आहात (२ करिंथ ३:२–३). पत्राला आपल्याला कोणी वाचावं हे ठरवता येत नाही.

चांगल्या बाजूचंही उदाहरण आहे आणि ते मराठी ख्रिस्ती माणसाला पाठ असायला हवं. १८९३ मध्ये नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक युरोपियन सहप्रवासी होता. तो सौजन्याने वागला, गप्पा झाल्या आणि त्याने टिळकांना नवा करार वाचायला दिला. टिळकांना धरून ठेवलं ते डोंगरावरच्या प्रवचनाने. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आज आपण रविवारी जी भजनं गातो त्यातली कितीतरी त्यांची आहेत. गाडीतला तो माणूस त्या दिवशी त्रासलेला असता, खिडकीकडे तोंड करून बसला असता तर? आपल्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर सरकून जागा देताना मला हे कधीकधी आठवतं.

४. एकीकडे "तुमचा उजेड लोकांपुढे पडू द्या", दुसरीकडे "उजव्या हाताचं डाव्याला कळू नये". नक्की दाखवायचं की लपवायचं?

दोन्ही वाक्यं एकाच प्रवचनात आहेत (मत्तय ५:१६ आणि ६:१–४), तेव्हा बोलणाऱ्याला त्यात विरोध दिसत नव्हता. पहिल्या ठिकाणी लोकांनी बघून स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं, दुसऱ्या ठिकाणी लोकांनी बघून माझी वाहवा करावी. फरक तेवढाच आहे आणि तो फक्त आपल्याला आतून कळतो.

व्यवहारात मी असं ठरवलं आहे: दान, मदत, उपास यांचा फोटो काढायचा नाही. घेणाऱ्या माणसाचा तर मुळीच नाही. तांदळाची पिशवी हातात धरून मान खाली घातलेल्या बाईचा फोटो मंडळीच्या ग्रुपवर बघून मला झोप लागली नव्हती. तिची मुलं त्याच ग्रुपमधल्या मुलांच्या वर्गात असतात. पण काम नीट करणं, वेळ पाळणं, खरं बोलणं हे लपवायची गरज नाही आणि ते लपतही नाही.

५. कुठून सुरुवात करू? एकच गोष्ट सांगा.

घरी कामाला येणाऱ्या मावशींच्या पगारापासून.

आपल्या घरात रोज येणारी, आपलं सगळं बघणारी बाहेरची व्यक्ती तीच असते. आपण प्रार्थना करताना तिने पाहिलेलं असतं आणि "आमेन" म्हटल्यावर लगेच मुलांवर खेकसतानाही. भिंतीवरच्या वचनाची फ्रेम तीच पुसते. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याकडे ठेवू नको, असं नियमशास्त्र सांगतं (लेवीय १९:१३), आणि रोखून ठेवलेली मजुरी ओरडते आहे, असं याकोब श्रीमंतांना सुनावतो (याकोब ५:४). मग स्वतःला विचारा. पगार ठरलेल्या तारखेला देता की तिला आठवण करावी लागते? आजारपणाचे खाडे कापता का? आपण पंधरा दिवस गावाला गेलो आणि घराला कुलूप होतं, तर तिचे पैसे कापले का? आपल्या हौसेसाठी तिने का उपाशी राहावं? दिवाळीला बोनस देता, की "आमचा सण नाताळ" म्हणून तिच्या सणाला हात आखडता घेता?

आणि चहाचा कप. एका घरी आमची घरगुती उपासना होती, संदेश प्रीतीवर होता. शेवटी सगळ्यांना चहा आला. मावशींचा कप खिडकीत वेगळा पालथा घातलेला होता. सगळे गेल्यावर मी त्या घरच्या बाईंशी बोलले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाईंपासून चालत आलेलं, कधी मनातच आलं नाही, म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी तो कप त्यांनी बाकीच्या कपांत ठेवला. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या आजोबा-पणजोबांनी असा वेगळा पेला हातात घेऊन पाणी प्यायलेलं आहे, म्हणून मला या गोष्टीचं जास्त लागतं. (मंडळीतल्या जातीबद्दल प्रश्न १२ पाहा.)

६. ऑफिसात सगळेच खोटी बिलं लावतात, एकमेकांची हजेरी लावतात. मी नाही म्हटलं तर मी शहाणपणा करतो असं म्हणतात.

आपलं बिल खरं लावा आणि दुसऱ्याच्या बिलाकडे बघू नका. बहुतेक वेळा लोकांना आपलं खरं वागणं बोचत नाही, त्याबरोबर येणारी आपली नजर बोचते. "माझं राहू दे, मला जमत नाही," एवढं हसून म्हटलं तर चार दिवस चिडवतील, मग सोडून देतील. मित्राची हजेरी लावायला नकार दिलात, तर त्याला उशीर का होतो तेही विचारा. कदाचित घरी कोणी आजारी असेल आणि साहेबांकडे रीतसर सवलत मागायला तुम्ही त्याच्याबरोबर जाऊ शकाल.

जिथं खोटं केल्याने दुसऱ्याचं नुकसान होतं, म्हणजे औषधाचा साठा, पेशंटचा रिपोर्ट, इमारतीतलं सिमेंट, तिथं मात्र गप्प बसून चालत नाही. वरिष्ठांना लेखी कळवा, तारीख घाला, प्रत स्वतःकडे ठेवा.

आणखी एक. काम जीव ओतून करा, प्रभूसाठी केल्यासारखं (कलस्सै ३:२३). प्रार्थनासभेसाठी रोज लवकर निघणारा आणि फाइल दुसऱ्याच्या टेबलावर टाकून जाणारा ख्रिस्ती कर्मचारी, त्याच्या टेबलाशेजारी बसणाऱ्याला प्रार्थनेबद्दल जे शिकवतो ते पुसायला पुढं फार वर्षं लागतात.

७. माझा स्वभाव तापट आहे. शेजाऱ्यांशी जोरदार भांडण झालं, नको ते बोललो. आता माझी साक्ष संपली का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा खरोखर खचलेला असतो.

मी लग्नानंतर चाळीत राहायचे. पाणी पहाटे साडेचारला यायचं, तासभर. नळावर नंबरावरून शेजारणीशी वाजलं आणि मी तिच्या मुलाच्या दहावीच्या निकालावरून बोलले. सगळी चाळ ऐकत होती. त्या रविवारी प्रभुभोजन होतं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. मत्तय ५:२३–२४ मला पाठ होतं: वेदीजवळ अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथंच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी भाकरीला हात न लावता घरी आले आणि तिचं दार वाजवलं. तिने उघडलं नाही. मंगळवारी पुन्हा गेले. ती दारातच उभी राहिली. मी म्हटलं, "मी तुमच्या मुलाबद्दल जे बोलले ते चूक होतं. माफ करा." ती "बरं" म्हणाली आणि दार लावलं. त्यानंतर अकरा महिने ती माझ्याशी बोलली नाही.

त्या अकरा महिन्यांत मला माफीबद्दल जे कळलं ते सांगते. माफी मागताना "पण" आला की माफी संपते: "चुकलं माझं, पण तुम्हीही..." हे दुसरं भांडण असतं. भांडण चार लोकांसमोर झालं असेल तर माफीही बंद दाराआड मागून पुरत नाही. मला नळावर सगळ्यांसमोर पुन्हा सांगावं लागलं, आणि नळावरची ती माफी दारातल्या माफीपेक्षा जड गेली. नुकसान झालं असेल तर ते भरून द्यायचं. येशूला बघायला झाडावर चढलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने, ज्यांना लुबाडलं त्यांना चौपट परत देईन म्हटलं (लूक १९:८), नुसतं "सॉरी" म्हणून तो झाडावरून उतरला नव्हता. आणि समोरच्याने माफ केलंच पाहिजे अशी अट ठेवायची नाही. तिचा राग तिचा होता, तो किती दिवस धरायचा ते तिने ठरवायचं.

म्हणून, नाही, साक्ष संपलेली नाही. कधीच न चुकणारा शेजारी कोणालाच भेटलेला नाही. चुकल्यावर दार वाजवणारा मात्र क्वचित भेटतो. सारखंच तेच होत असेल, घरात हात उचलला जात असेल, तर प्रश्न स्वभावाचा राहत नाही. पाळकांशी आणि समुपदेशकाशी बोला, आज.

८. गणपतीची वर्गणी, सत्यनारायणाचा प्रसाद, हळदी-कुंकवाचं बोलावणं. काय करायचं?

ख्रिस्ती लोकांत यावर एकमत नाही, आणि ते असल्याचं मी भासवणारही नाही. कोणी प्रसाद आदराने घेतात, कोणी आदराने नाकारतात. पौलाने करिंथकरांना नैवेद्याच्या अन्नाबद्दल सविस्तर लिहिलं आहे (१ करिंथ ८ आणि १०:२३–३३), रोमकरांनाही (अध्याय १४). दोन्हीकडे त्याचा भर यावर आहे की आपल्या मोकळेपणाने कोणाचं मन दुखावू नये आणि एकमेकांचा न्याय करत बसू नये.

मी स्वतः प्रसाद खात नाही, पण दोन्ही हातांनी घेते, "थँक्यू" म्हणते आणि घरी मावशींना देते. त्यांना आनंद होतो. शेजारी पंचवीस वर्षं हे जाणतात, कोणी कधी वाईट वाटून घेतलं नाही. हळदी-कुंकवाला बोलावलं तर जाते, आधीच सांगते की कुंकू लावत नाही, गप्पा मारायला येते. वाण हातात घेते. दारातूनच "आमच्यात चालत नाही" म्हणून हात हलवणं, हे मला टोचतं. नकार सुद्धा आत येऊन, पाणी पिऊन देता येतो.

वर्गणीचं: पूजेच्या खर्चासाठी द्यायला मन तयार नसेल, तर मंडळाच्या रक्तदान शिबिराला, वह्यावाटपाला, मांडवातल्या पाण्याला द्या, आणि विसर्जनाच्या दिवशी प्रथमोपचाराच्या टेबलावर बसा. माझी ती जागा ठरलेली आहे.

बांद्र्याची जत्रा आठवा. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी मोतमाऊलीच्या डोंगरावर सगळ्या धर्मांची माणसं येतात, मेणाचे हात, पाय, छोटी घरं घेऊन वर चढतात. माहीमला बुधवारच्या नोव्हेनालाही, म्हणजे सलग नऊ बुधवार करायच्या प्रार्थनेलाही, तसंच. तिथं आपण कोणाला दारात अडवून त्याचा धर्म विचारत नाही. तेच आदरातिथ्य आपल्याला दुसऱ्यांकडून मिळतं तेव्हा ते स्वीकारायला शिकलं पाहिजे.

९. कॅरोल आणि घरगुती उपासनेच्या आवाजावर सोसायटीत तक्रार आली. हा छळ नाही का?

आवाज मोठा असेल तर नाही. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर लावता येत नाही, हा २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांचा भाग आहे आणि तो सगळ्यांना सारखाच लागू होतो. तिसऱ्या मजल्यावर बारावीचा मुलगा अभ्यास करत असेल, कोणाची आई नुकतीच रुग्णालयातून आली असेल. कॅरोलला निघण्याआधी मजल्यामजल्यावर जाऊन विचारा. ज्या दारावर आजारी माणूस आहे तिथं गिटार न वाजवता हळू आवाजात एकच गाणं म्हणा. तक्रार करणाऱ्याच्या घरी नाताळचा फराळ सगळ्यात आधी पाठवा, त्यात टोमणा न घालता. आवाज खरोखर कमी असून फक्त उपासनेवर आक्षेप असेल, तर मात्र सोसायटीला शांतपणे लेखी उत्तर द्या आणि वकिलाचा सल्ला घ्या.

१०. घरात मी एकटीच ख्रिस्ती आहे. नवरा आणि सासरचे नाहीत. मी काय बोलू?

कमी बोला. पेत्राने अशाच बायकांना लिहिलं आहे की शब्दांवाचून, वागण्याने पती जिंकले जावेत (१ पेत्र ३:१). हे वचन वापरून बाईला मार खायला सांगणारे मी पाहिले आहेत. त्यांना त्या वचनाने तसा अधिकार दिलेला नाही.

टिळकांच्या घरात उलटं होतं. नवरा ख्रिस्ती झाला, लक्ष्मीबाई नाही. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावरही लक्ष्मीबाईंनी आपलं सोवळं सोडलं नव्हतं, आणि टिळकांनी ते चालू दिलं. त्यांचा बाप्तिस्मा झाला १९०० मध्ये, नवऱ्यानंतर पाच वर्षांनी, स्वतःच्या विचाराने. एका मराठी घरात दोन श्रद्धा एका छपराखाली राहू शकल्या, याला सव्वाशे वर्षं होऊन गेली.

तुमच्यासाठी छोटी गोष्ट: रविवारी उपासनेला जाण्याआधी सासूबाईंचं औषध, नाश्ता, सगळं करून जा. तुमचा देव त्यांच्या वाट्याचा वेळ चोरतो असं त्यांना वाटायला नको. आणि तुम्हाला चर्चला जायला रोखत असतील, मारहाण होत असेल, तर सहन करण्याला साक्ष म्हणू नका. आम्हाला सांगा.

११. चांगली माणसं सगळ्या धर्मांत असतात. मग ख्रिस्ती माणसाच्या चांगुलपणात वेगळं काय?

असतात, आणि ते मोकळ्या मनाने म्हणता आलं पाहिजे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गुडघाभर, छातीभर पाण्यातून चालणाऱ्या माणसांना ज्यांनी घरात घेतलं, चहा-बिस्किटं दिली, त्यांनी धर्म विचारला नाही आणि सांगितलाही नाही. मला त्या रात्री ज्या घरात आसरा मिळाला, तिथं भिंतीवर मक्केचं चित्र होतं. त्या आजीने मला तिचा सुका सलवार-कमीज दिला.

शेजारी कोण, या प्रश्नाला उत्तर देताना येशूने नायक म्हणून ऐकणाऱ्यांच्या धर्माचा माणूस घेतला नाही, ज्याला ते हलका समजत होते तो शोमरोनी घेतला (लूक १०:२५–३७). म्हणून दुसऱ्याचा चांगुलपणा बघून आपली श्रद्धा धोक्यात येत नाही. मी चांगली आहे म्हणून ख्रिस्ती नाही. मला क्षमा मिळाली म्हणून ख्रिस्ती आहे. कोणी विचारलं तर वेगळं म्हणून एवढंच सांगते.

१२. मंडळीतच लग्न जमवताना "मूळचे कोण?" विचारतात. मग बाहेरच्यांना काय दाखवणार?

काही नाही. जोपर्यंत हे चालू आहे तोपर्यंत आपण बाहेर जे बोलतो ते पोकळ आहे, आणि बाहेरच्यांना ते ऐकू येतं. सभेत सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि फाटक्या कपड्यांतल्याला पायाशी, हे याकोबाने पक्षपात म्हणून धिक्कारलं आहे (याकोब २:१–४). जातीवरून सोयरीक मोडणं त्याहून वाईट आहे. तुमच्या मुलाचं, मुलीचं स्थळ बघताना तो प्रश्न विचारू नका, आणि मध्यस्थाने विचारला तर उत्तर देऊ नका. आमच्या संघातल्या दोन जोडप्यांनी असंच केलं. आईवडिलांना तयार व्हायला वेळ लागला, लग्नं झाली.

१३. कागदावर हिंदू, रविवारी चर्चमध्ये. मित्राने विचारलं तर काय सांगू?

१९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आले नाहीत. या अन्यायाचा भार गरीब घरांनी पिढ्यान्‌पिढ्या उचलला आहे, म्हणून कोणावर बोट ठेवायला माझं मन धजत नाही. तरी विचारणाऱ्या मित्राशी खोटं बोलू नका. मुलांना लपवालपवी शिकवू नका. कागद बदलायचा निर्णय वकील आणि पाळक दोघांशी बोलून, घरातल्या सगळ्यांना विश्वासात घेऊन करा.

१४. मुलांवर प्रभाव कसा पडेल?

उपासनेहून घरी येताना टॅक्सीत तुम्ही पाळकांबद्दल काय बोलता, त्यावरून. बाकी प्रश्न ३ वाचा, त्या शिकाऊ मुलीच्या जागी आपलं मूल ठेवून.

१५. चांगलं वागलं की लोक गैरफायदा घेतात. उसने पैसे नेतात, परत देत नाहीत.

प्रत्येकाला हो म्हणणं म्हणजे प्रीती नव्हे. मी ठरवलं आहे की जेवढे परत आले नाहीत तरी मनात कडवटपणा येणार नाही, तेवढेच द्यायचे, आणि देताना ते दिलेच असं समजायचं. त्यापेक्षा जास्त मागितले तर "माझ्याकडे नाहीत" असं खोटं न सांगता "मला जमणार नाही" म्हणायचं. दारूसाठी मागणाऱ्याला पैसे देत नाही, बरोबर बसून जेवते. जामीन राहायच्या आधी नीतिसूत्रे ६:१–५ वाचा.

१६. वर्षानुवर्षं नीट वागते आहे, कोणावर काही परिणाम झालेला दिसत नाही. कुठं चुकतंय?

कदाचित कुठंच नाही. मार्क ४:२६–२९ मधला शेतकरी बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि ते कसं रुजतं हे त्याला कळत नाही. रोज माती उकरून बघणारा त्या दाखल्यात नाही. परिणाम मोजायला लागलो की माणसं आपल्याला हिशेबाच्या वहीसारखी दिसायला लागतात, आणि त्यांना ते कळतं.

प्रश्न ७ मधली माझी शेजारीण अकरा महिन्यांनी बोलायला लागली, पण आम्ही जिवलग मैत्रिणी वगैरे झालो नाही. ती माझ्याबरोबर कधी चर्चला आली नाही, तिने कधी काही विचारलं नाही. चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा सगळे पांगले. ती डोंबिवलीला गेली, मी इकडे. सामान टेम्पोत चढवून झाल्यावर ती माझ्याकडे आली. माझी फोन नंबरांची डायरी मागून घेतली आणि चष्मा नसताना, डोळ्यांजवळ धरून, आपला नवीन पत्ता स्वतःच्या हाताने लिहून दिला.